डबी भरली का?

आमच्या घरात दुपारी दोनच्या सुमाराला स्वयंपाकघरातून एक हाक येते, "डबी भरली का गं?" घरी पाहुणे असले की त्यांना वाटतं, सासूबाई मसाल्याच्या नाहीतर कुंकवाच्या डबीबद्दल विचारताहेत. तसं काही नाही. देव्हाऱ्याशेजारी एक पितळी डबी असते. तिच्यात माझं मंगळसूत्र, दोन हातांतल्या बांगड्या, अंगठी आणि कानातले पडले, की मी "भरली" असं ओरडून सांगते आणि मागच्या पडवीत जाऊन माझा लेथ सुरू करते.

हो, लेथ. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी तो रस्त्यावरून जाताना एखाद्या शेडमध्ये पाहिला असेल. कातारी लोक लाकूड फिरवून त्याला पटाशी लावतात आणि पोळपाटाचे पाय, पाळण्याचे खूर, सावंतवाडीची खेळणी घडवतात ना, तसंच हे. फक्त इथे लाकडाऐवजी लोखंड, पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम फिरतं आणि पटाशीच्या जागी पोलादाचं टूल असतं. धातूचा दांडा चकमध्ये घट्ट धरायचा, तो गरगर फिरवायचा आणि टूल हळूहळू आत सरकवत हवा तो आकार काढायचा. दुधीची साल काढावी तशी धातूची साल निघत जाते.

माझं माहेर कोल्हापूरचं. उद्यमनगरात अण्णांची छोटी शेड होती. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि तीन कामगार. माझे दोन्ही भाऊ सुट्टीत मशिनवर शिकले. मी शेडमध्ये बसून बिलं लिहायची. बुश, पिन, पुली, शाफ्ट, कपलिंग ही सगळी नावं मला पाठ होती, कुठल्या जॉबला किती वेळ लागतो तेही ठाऊक होतं. पण मशिनला हात लावायचा नाही. "पोरीच्या जातीला काय करायचंय," एवढ्यावर विषय संपायचा. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. लग्न होऊन इचलकरंजीला आले. इथे तर घरोघरी यंत्रमागांची खडखड. तीही ऐकत राहिले.

अण्णा गेले तेव्हा भावांनी शेड भाड्याने द्यायची ठरवली. मोठा लेथ विकला गेला. धाकटा, साडेचार फुटी, जुना झाला म्हणून भंगारवाला किलोवर मागायला लागला. अण्णांनी आयुष्यभर ज्याला रोज सकाळी तेल घालून नमस्कार केला, ते मशीन तराजूत जाणार हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. तोंडातून निघून गेलं, "मला द्या." सगळे हसले. ह्यांनी विचारलं, "ठेवायचं कुठे?" मी म्हटलं, "तुमची स्कूटर उभी असते तिथे." अशी माझ्या सेहेचाळिसाव्या वर्षी स्कूटर अंगणात गेली आणि लेथ पडवीत आला. शिकवायला अण्णांकडे पंचवीस वर्षं काम केलेले मिस्त्रीमामा दर रविवारी एसटीने येऊ लागले. ह्या गोष्टीला आता सहा वर्षं झाली.

आज हे लिहायचं कारण वेगळं आहे. मागच्या महिन्यात हळदीकुंकवाला एक ओळखीच्या बाई म्हणाल्या, "तुमचं बाई कौतुक, पण आमच्या मुलीला असलं काही दाखवू नका हो. बाईमाणसाला धोक्याचं असतं ते." मी तेव्हा हसून सोडून दिलं. घरी आल्यावर मात्र विचार करत बसले. धोका आहे का? आहे, नक्कीच आहे. पण तो बाई असण्याचा आहे का? माझं स्पष्ट मत आहे की नाही. मशिनला बाई आणि पुरुष कळत नाही. त्याला सैल आणि घट्ट, सावध आणि बेसावध एवढंच कळतं.

आता त्या डबीची गोष्ट सांगते. लेथ आल्यावर मामांनी पहिलाच नियम सांगितला, "ताई, अंगावर लोंबणारं काही नको." साडी नको, ओढणी नको, लांब बाही नको, मोकळी वेणी नको. ह्यांचा जुना अर्ध्या बाह्यांचा शर्ट आत खोचून, केसांचा घट्ट अंबाडा घालून त्यावर टोपी. आणि दागिने सगळे काढायचे. अण्णांच्या शेजारच्या शेडमधल्या एका काकांना मी लहानपणापासून चार बोटांनी चहाची बशी धरताना पाहिलेलं आहे. अंगठी अडकली होती, एवढंच घरात कानावर यायचं.

साडीचं सासूबाईंना पटलं. बांगड्या आणि मंगळसूत्र म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. "धडधाकट नवरा असताना रोज गळा मोकळा करायचा? असलं अवलक्षण माझ्या घरात नको." त्यांचं वय, त्यांचे संस्कार, त्यांच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी चकमध्ये पंचवीस मिलिमीटरचा दांडा धरला, शिलाईच्या दोऱ्याचं नवं रीळ जमिनीवर ठेवलं, दोऱ्याचं टोक दांड्याला चिकटपट्टीने चिकटवलं आणि आम्हा दोघींना चांगलं दूर उभं केलं. बटण दाबलं. रीळ जमिनीवर थयथय नाचायला लागलं. सासूबाई "अगंबाई" म्हणेपर्यंत कितीतरी वार दोरा दांड्याभोवती गुंडाळला गेला होता.

नंतर मी हिशेब केला. पंचवीस मिलिमीटर व्यासाचा दांडा मिनिटाला ३२० फेरे फिरत असेल, तर तो सेकंदाला सुमारे बेचाळीस सेंटीमीटर कापड ओढतो. आठशे फेऱ्यांना हेच एका सेकंदात एक मीटरच्या पुढे जातं. म्हणजे पदराचं टोक अडकलं हे आपल्या लक्षात येऊन हात बटणाकडे जाईपर्यंत आपण मशिनवर ओढलो गेलेलो असतो. कापड तुटतं, पण मंगळसूत्राची सोन्याची साखळी तुटण्याआधी काय करील ह्याचा विचारही नको.

सासूबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडवीत निघाले, तर त्यांनी हातावर ही पितळी डबी ठेवली. "देवापाशी ठेव. देव सांभाळेल तुझं सौभाग्य. तू तुझे हात सांभाळ." तेव्हापासून ती हाक सुरू झाली. खरं सांगू, मोठमोठ्या कारखान्यांत सुरक्षेचे फलक लावलेले असतात, पण त्या फलकांना विचारता येत नाही. आमच्या घरी रोज विचारणारं माणूस आहे. तुमच्या घरी कोणी असं यंत्रावर काम करत असेल, मग तो मुलगा असो की सून, तर तुम्ही ही हाक मारायची सवय लावा.

ह्या निमित्ताने एक गोष्ट वाचनात आली. १९४८ साली आपल्याकडे कारखाने कायदा झाला. त्याच्या बाविसाव्या कलमात असं लिहिलं होतं, की चालू यंत्राची तपासणी करायची वेळ आलीच तर ती खास शिक्षण दिलेल्या, घट्ट कपडे घातलेल्या, प्रौढ पुरुष कामगारानेच करावी. आणि चालू यंत्रामुळे इजा होण्याचा संभव असेल तर स्त्रियांना आणि अल्पवयीन मुलांना ते पुसू देऊ नये, त्याला तेल घालू देऊ नये. हेतू चांगला होता, हे मी मान्य करते. त्या काळी साडी नेसून गिरणीत उभ्या राहणाऱ्या बायकांचे हाल डोळ्यांपुढे असतील. पण नीट वाचा. शिक्षण आणि घट्ट कपडे ह्या दोन गोष्टी माणसाला वाचवतात. तिसरी गोष्ट, म्हणजे पुरुष असणं, कशी वाचवते ते मला काही उमगलेलं नाही. आपण मात्र पहिल्या दोन गोष्टी विसरलो आणि तिसरी तेवढी लक्षात ठेवली. म्हणून आज गल्लोगल्ली मुलं सैल शर्ट आणि हातात कडं घालून ग्राइंडर चालवतात, त्यांना कोणी अडवत नाही. मुलगी पान्हा हातात घ्यायला गेली की अडवतात.

असो. आता ज्यांना घरात असं छोटं वर्कशॉप करायची हौस आहे, त्यांच्यासाठी चार अनुभवाचे बोल. पुरुषमंडळींनीही वाचायला हरकत नाही.

सगळ्यात आधी चकची चावी. चक म्हणजे जॉब धरणारा पंजा. तो आवळायला एक जड चावी असते. ती चावी चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झालं, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. हे मला मामांनी दहा वेळा सांगितलं होतं. तरी तिसऱ्याच आठवड्यात दारात भाजीवाला आला, मी मागे वळून "थांबा" म्हटलं आणि परत फिरून बटण दाबलं. चावी सुटली ती समोरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयाला भोक पाडून खाली पडली. भिंतीचा गिलावा निघाला. त्याच्या दोन मिनिटं आधी माझी लेक तिथे उभी राहून चतुर्थी कधी आहे ते बघत होती. त्या दिवशी मी मशीन झाकून ठेवलं आणि आठवडाभर उघडलं नाही. तेव्हापासून नियम असा: चावीवरून हात काढायचा तो चावी बाहेर काढूनच. जॉब आवळताना हात चावीला चिकटलेलाच असला पाहिजे. भाजीवाला थांबेल, फोन वाजून बंद होईल. कढईत फोडणी करपताना आपण फोन घेत नाही, तसंच हे.

दुसरं, विजेचं. आपल्या गावांत वीज जाते आणि सांगून येत नाही. लेथ चालू असताना वीज गेली, आपण वाट बघून चहा करायला गेलो, आणि वीज आल्यावर मशीन आपोआप फिरायला लागलं तर? तेव्हा साधा वर-खाली होणारा स्विच लावू नका. शेतातल्या मोटरला असतो तसा हिरव्या-लाल बटणांचा स्टार्टर लावून घ्या. वीज गेली की तो सुटतो आणि पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही. शेतात लोक रात्री उठायला नको म्हणून पंपाला ऑटो स्विच बसवतात. लेथला तो कधीही बसवू नका. लाल बटण डोळे मिटून हात जाईल अशा जागी असावं. अर्थिंग आणि शॉक लागताच वीज तोडणारा ब्रेकर ह्यांत काटकसर करायची नाही. कारखान्यातल्या लेथला बहुधा थ्री फेजची मोटर असते आणि घरात सिंगल फेज. एक तर सिंगल फेजची मोटर बसवावी, नाहीतर सिंगल फेजवरून थ्री फेजची मोटर चालवणारा ड्राइव्ह मिळतो तो लावावा. ड्राइव्ह लावला की एक बटण फिरवून वेग कमी-जास्त करता येतो, हा मोठाच फायदा. पण मोटरचं कनेक्शन बदलावं लागतं, ते जाणत्या वायरमनकडूनच.

तिसरं, मशीन विकत घेताना. राजकोट, बटाला ह्या गावांचे छोटे लेथ आपल्याकडे सगळीकडे दिसतात. जुन्यांत हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा लेथ म्हणजे मिस्त्री लोकांच्या तोंडात अजून आदराने नाव येतं. जुनं मशीन बघायला जाताना रंगावर भुलू नका. साडीचा पोत बघतो तसा बेड बघायचा. टूल धरणारा भाग चकजवळ नेऊन हलवून बघा, मग दुसऱ्या टोकाला नेऊन हलवून बघा. चकजवळ ढिला आणि टोकाला घट्ट लागत असेल, तर बेड चकजवळ झिजलेला आहे, कारण रोजचं काम तिथेच होतं. आटे पाडायला लागणाऱ्या सुट्या गिअरचा संच पुरा आहे का ते मोजून घ्या. गिअरचा आवाज ऐका. आणि एक लक्षात ठेवा, साडेचार फुटी लेथसुद्धा शेकडो किलोंचा असतो. तो तळमजल्यावर, पक्क्या फरशीवरच. माडीवर न्यायची कल्पना सोडून द्या. बसवताना पाणसळ लावून सपाटी बघायची. मशीन पिळून बसलं तर काम कधीच सरळ येत नाही.

चौथं, वेग. पहिले सहा महिने माझी टूलं सारखी जळायची. मला वाटायचं जोरात फिरवलं की लवकर होईल. मामांनी एक हिशेब शिकवला, तो मी पडवीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे. धातूचा वेग गुणिले ३२०, भागिले व्यास. साध्या हायस्पीड स्टीलच्या टूलने लोखंड कापायचं तर वेग मिनिटाला पंचवीस मीटर धरायचा. दांडा पंचवीस मिलिमीटरचा असेल तर फेरे आले ३२०. पन्नासचा असेल तर निम्मे, १६०. दहाचा असेल तर ८००. जाड दांडा सावकाश, बारीक दांडा जलद. पितळ ह्याच्या दुपटीने फिरवलं तरी चालतं. सातवी झालेल्या मुलीला जमेल असं हे गणित आहे, पण शाळेत शिकताना 'हे कुठे उपयोगाला येणार' असं मी कितीदा तरी म्हटलं होतं.

पाचवं, टूलची उंची. टूलचं टोक दांड्याच्या बरोबर मध्यावर आलं पाहिजे. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. मशीन बंद असताना सहा इंची पोलादी पट्टी टूलचं टोक आणि दांडा ह्यांच्यामध्ये हलकेच चिमटीत धरल्यासारखी अडकवा. पट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर. वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर आहे. टूल होल्डरमधून जितकं कमी बाहेर काढाल तितकं चांगलं. विळी डळमळत असेल तर सुरण नीट चिरला जातो का? तसंच दांडाही चकमधून त्याच्या जाडीच्या तिपटीपेक्षा जास्त बाहेर काढायचा झाला, तर दुसऱ्या टोकाला आधार द्यायचा. काम करताना किरकिर असा आवाज आला, तर कुठेतरी काहीतरी ढिलं आहे असं समजावं. आणि टूल अर्धा मिलिमीटर आत गेलं की व्यास एक मिलिमीटरने कमी होतो, कारण साल दोन्ही बाजूंनी निघते. हे विसरून मी किती दांडे वाया घालवले ते ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

सहावं, मोजमाप. गरम जॉब मोजू नका. पन्नास मिलिमीटरचा पोलादी जॉब चाळीस अंशांनी तापला, तर तो सुमारे दोन शतांश मिलिमीटरने फुगतो. तेवढ्यात बसणारी पिन बसेनाशी होते. इडली पात्रातून काढायच्या आधी आपण वाफ जिरू देतो ना, तेवढा धीर इथेही धरायचा. फिरत्या जॉबला व्हर्निअर लावायचा नाही, हे सांगायलाच नको.

सातवं, आणि हे खास आपल्यासाठी, कारण घर आपल्याला झाडायचं असतं. लेथमधून निघणारा धातूचा कीस वस्तऱ्यासारखा असतो आणि नुकता निघालेला निळसर कीस चटका देतो. तो हाताने ओढायचा नाही, मशीन थांबवून ब्रशने किंवा आकड्याने काढायचा. हातमोजे घालावेसे वाटतात, पण फिरत्या मशिनवर मोजे कधीच घालायचे नाहीत. मोजा अडकला की हात जातो. पडवीसाठी बंद पायांची वेगळी जोडी ठेवा आणि ती उंबऱ्याच्या आत आणू नका. नाहीतर हा कीस स्वयंपाकघरात येतो, रांगणाऱ्या बाळाच्या गुडघ्यात रुततो, पिठात पडला तर विचारू नका. लोखंडाचा कीस गोळा करायला लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवायचा. मग पिशवी उलटी केली की कीस आत आणि चुंबक स्वच्छ. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम मात्र चुंबकाला चिकटत नाही, ते झाडूनच काढावं लागतं. डोळ्यांना गॉगल हवाच, नंबरचा चष्मा बाजूंनी उघडा असतो. पितळाचा कीस तर मोहरी तडतडावी तसा उडतो. पावसाळ्यात काम झाल्यावर बेड पुसून तेलाचा हात फिरवायचा आणि वर सुती कापड घालायचं. प्लॅस्टिक घातलं तर आत दमटपणा कोंडून एका रात्रीत तांबूस गंज दिसायला लागतो.

पहिलं काम काय करावं? मी केला ओळंबा. गवंडी भिंत सरळ बघायला दोरीला बांधतो तो. त्यात सपाट तोंड करणं, गोल कातणं, निमुळतं टोक काढणं आणि भोक पाडणं असे चारही धडे येतात, आणि थोडा वेडावाकडा झाला तरी लोंबतो सरळच. नंतर सोऱ्याचा दट्ट्या केला, पुरणयंत्राच्या दांड्याची खिळी केली, कुकरच्या कानाचा बोल्ट केला. बाजारात अख्खी नवी वस्तू घ्या म्हणतात, आणि आपली चांगली जुनी वस्तू एका बोटभर तुकड्यासाठी माळ्यावर जाते. तो बोटभर तुकडा आपल्याला करता येणं ह्यात काय सुख आहे, ते शब्दांत सांगता येत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी, "घरात कारखाना काढलाय" म्हणून नाक मुरडणाऱ्या शेजारच्या काकी समई घेऊन आल्या. त्यांच्या आजेसासूबाईंची. मधल्या जोडाचे आटे झिजून गेले होते, समई उभी राहिली तरी मान डोलवायची. दुकानदार मोडीत घालायला सांगत होता. मी पहिला तुकडा बिघडवला. पितळ टूलला आत ओढून घेतं, त्यासाठी टूलचा माथा सपाट घासावा लागतो हे तेव्हा कळलं. दुसरा जमला. काकींनी समई हातात घेऊन फिरवून बघितली, "बसली हो घट्ट" म्हणाल्या, आणि पैसे विचारले. मी घेतले. छंद असला तरी पितळ फुकट येत नाही, आणि बाईच्या कामाची किंमत विचारली गेली तर ती सांगावी असं माझं मत आहे.

छंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे क्रोशा, रांगोळी, कुंड्यांमधली बाग येते. मला ह्या सगळ्याचं कौतुक आहे. पण पुरुषाच्या छंदाला घरात खोली मिळते आणि बाईच्या छंदाला कोपरा, तोही आवरून ठेवण्याच्या अटीवर. आणि यंत्र आपल्याला नवीन आहे का? शिलाई मशिनचं टेन्शन आपण कानाने ओळखतो. मिक्सरचा आवाज बदलला तर खोबरं अडकलं की पातं सैल झालं ते सांगतो. इचलकरंजीत बायका मागांच्या मध्ये उभ्या राहून कांड्या भरतात. यंत्राची भाषा आपल्याला येते. फक्त त्याचं पोट उघडायला आपल्याला मनाई आहे.

एक योगायोग सांगते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. त्याच वाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं, जे आपल्या आज्या आणि आया वाचत आल्या. जिथे लोखंड ओतलं जात होतं तिथेच बाईच्या मनाचाही विचार होत होता. त्याला शंभर वर्षं व्हायला आली. तरी अजून आयटीआयच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीला घरचे सांगतात, टर्नर नको, शिवणकाम घे. शिवणकाम चांगलंच आहे. पण निवड तिने करावी. टर्नरच्या शिक्षणाची दारं मुलींना बंद नाहीत, बंद असतात ती घरची.

त्या हळदीकुंकवाच्या बाईंना म्हणूनच सांगावंसं वाटतं, तुमच्या मुलीला एकदा पाठवा. मशिनला हात लावू देणार नाही. पहिल्या दिवशी लांब उभी राहून ते दोऱ्याचं रीळ तेवढं बघू दे. ती घाबरली तर काही बिघडत नाही, मीही घाबरले होते. ज्याला यंत्राची भीती अजिबात वाटत नाही, त्याला मामा लेथजवळ उभं करत नाहीत. आणि भीती बघूनही तिला दुसऱ्या दिवशी यावंसं वाटलं, तर एक छोटी डबी मात्र बरोबर द्या. आमच्या देव्हाऱ्याशेजारी अजून एका डबीला जागा आहे, आणि सासूबाईंना दोघींना मिळून एकच हाक मारावी लागेल.